चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

१

दौलतराव शेलारांच्या जिन्यात रोज सकाळी आठ ते दहा रांग असायची. मार्कशीट, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जे काही असेल त्याच्या झेरॉक्स घेऊन माणसं पायरीपायरीवर उभी राहायची. दौलतराव पुढच्या खोलीत टेबलाशी बसून मूळ कागद बघायचे, मग शिक्का, मग सही. विशेष कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे एसईएम. हे सरकारने दिलेलं मानाचं काम. ते राहायचे ते सगळं कात्रप त्यांना ‘एसईएम साहेब’ म्हणायचं आणि ते त्यांना आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला! अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. शिफ्टला येणाऱ्या माणसांच्या रांगा मोजण्यातच त्यांचा जन्म गेला. एका नजरेत मोजायचे, आणि आकडा कधी चुकायचा नाही.

मार्च दोन हजार सहामध्ये, भर दुपारी, शेजारच्या इमारतीत सरस्वती मॅडमचा खून झाला. एकट्या राहणाऱ्या, रिटायर झालेल्या गणिताच्या बाई. कात्रपमधली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून दहावी पास झालेली, त्यात दौलतरावांची मधुही. हाताला धरून बसवायच्या, पण रागवायच्या नाहीत. असल्या बाईचा गळा कोण दाबतो हो? मधुचा सासरहून फोन आला तेव्हा तिला रडू आवरेना.

चौथ्या दिवशी पोलिसांनी मुकेश अहिरेला उचललं. उल्हासनगर कॅम्प चारला राहणारा, घरोघर फिरून गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारा माणूस. पंधरा दिवसांपूर्वी तो मॅडमच्या घरी येऊन गेला होता. केबलच्या बातम्यांत त्याला तोंडावर काळा बुरखा टाकून नेताना दाखवलं. चौकात माणसं जमली. मेणबत्त्या लागल्या, ‘आमच्या ताब्यात द्या’ म्हणून घोषणा झाल्या. पुढे होता जितेश, तिथला हौशी पुढारी, पण मॅडमचाच विद्यार्थी, त्यामुळे त्याचे डोळे खरेच सुजलेले होते.

दौलतराव घोषणा देणाऱ्यांतले नव्हते. पण घरी बातम्या बघताना ते बायकोला म्हणाले, “टांगला पाहिजे साल्याला.” रखमाबाई वाटाणे सोलत होत्या. त्यांनीही मान हलवली.

दोन दिवसांनी पत्र आलं. ओळख परेड दौलतरावांनी घ्यायची होती.

२

ओळख परेड म्हणजे फार मोठं प्रकरण नसतं. तुरुंगातली एक खोली, आरोपी, त्याच्यासारख्याच अंगलोटाची सहा माणसं आणि दोन पंच. पोलिसांनी आत यायचं नाही. साक्षीदाराने रांगेसमोरून चालत जायचं आणि ओळख पटली त्याच्या खांद्याला हात लावायचा. दौलतरावांनी आधी तीन परेडी घेतल्या होत्या.

खोली लांबट होती, फिनेलचा वास होता. सहाही माणसं मनासारखी मिळाली. मुकेशला आणलं. सडपातळ, तिशीचा, दाढीचे खुंट वाढलेले.

“कुठे उभा राहतोस? तुझी मर्जी,” दौलतरावांनी नियमाप्रमाणे विचारलं.

“कुठंपण चालेल, साहेब.”

तो डावीकडून चौथा उभा राहिला. दौलतरावांनी नेहमीच्या सवयीने रांगेवरून नजर टाकली. आठ.

त्यांनी पुन्हा मोजले. सात. सातच असायला हवे होते. वय झालं, ते स्वतःशी म्हणाले. मग त्यांना दिसलं की चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटली आहे.

“जरा जवळ सरका रे.”

माणसं हलली. पाय घासल्याचा आवाज आला. पण जागा होती तिथेच राहिली. पाचव्या नंबरचा माणूस अंग चोरून उभा होता, गर्दीत उभं राहावं तसा. दौलतरावांनी घड्याळ बघितलं आणि विषय सोडून दिला.

साक्षीदार गंगू. ती मॅडमकडे धुणीभांडी करायची. त्या दुपारी जिना चढताना तिने एका माणसाला उतरताना बघितलं होतं. ती आत आली, पदर दातात धरलेला. एक, दोन, तीन. मुकेशसमोरून ती थांबली नाही, नुसती गेली. आणि पुढच्या पावलाला जागच्या जागी खिळली.

तिच्यासमोर ती मोकळी जागा होती.

गंगूचा चेहरा उतरला. तिने हात उचलला, खांद्याच्या उंचीला नेला आणि तिथे टेकवला. हवेत धरलेला हात डगमगतो, खाली येतो. तिचा हात तसा नव्हता. तळवा सपाट होता, बोटं किंचित वाकलेली होती.

“ह्योच,” ती म्हणाली.

आता इथे दौलतरावांनी काय करायला हवं होतं, ते त्यांना पाठ होतं. जे दिसलं ते लिहायचं. एक शब्द स्वतःचा घालायचा नाही. पण बिचारी बाई घाबरली आहे, तिचा नेम चुकला, असं त्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तो माणूस सापडायला हवा होता.

त्यांनी मुकेशकडे बोट केलं. “हा ना?”

गंगूने त्यांच्या बोटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. आणि मान हलवली.

दोन्ही पंच तेव्हा दारात आलेल्या चहाकडे बघत होते. दौलतरावांनी लिहिलं: साक्षीदाराने डावीकडून चौथ्या इसमाच्या खांद्यास हात लावून ओळखले.

“काही हरकत आहे का तुझी?” त्यांनी मुकेशला विचारलं.

“साहेब, त्यांचा हात मला लागलाच नाय.”

दौलतरावांचं पेन दोन क्षण थांबलं. मग त्यांनी लिहिलं: आरोपीची हरकत नाही.

३

जितेश त्याच संध्याकाळी शाल आणि नारळ घेऊन हजर. परेडची बातमी कशी फुटली देव जाणे. “साहेब, तुमच्यामुळे मॅडमना न्याय मिळणार,” म्हणत तो पाया पडला. दौलतरावांनी शाल घेतली, पण अंगावर ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात नेहमीची रांग होती. दौलतराव दार उघडून उभे राहिले आणि त्यांनी सवयीने खाली बघितलं. प्रत्येक पायरीवर एक माणूस. पाचव्या पायरीवर कोणी नाही, सहावीपासून पुन्हा माणसं.

“पुढे सरका ना, एक पायरी रिकामी आहे,” ते म्हणाले.

सहाव्या पायरीवरच्या बाई म्हणाल्या, “हो हो, काका,” आणि जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही, त्या गोड हसल्याही. रांग पुढे सरकली तशी ती मोकळी जागाही पायरीपायरीने वर आली. चौथी, तिसरी, दुसरी. मग ती उंबऱ्याशी आली. समोरचा माणूस सही घेऊन गेला आणि टेबलापुढे कोणी आलं नाही. सहावीवरच्या बाई दाराबाहेर कागद छातीशी धरून थांबल्या, पुढच्याचं काम होईपर्यंत थांबावं तशा.

खोलीत पंख्याची घरघर होती. टेबलाच्या कडेला खट् असा लहानसा आवाज झाला, कोपर टेकावं तसा. दौलतराव शिक्का हातात धरून बसले. मिनिटभराने बाई आपणहून आत आल्या आणि म्हणाल्या, “आज वेळ लागला, काका.”

उकाड्याने माणसं लांब उभी राहतात, दौलतरावांनी मनाशी ठरवलं. मार्च तापलाच होता तसा. लाकूड तापलं की वाजतं. दुपारी लोडशेडिंगमध्ये पंखा बंद पडला, तेव्हा ते टेबल पुसायला उठले. पलीकडची कड ओलसर होती. त्यांनी फडकं फिरवलं आणि रखमाबाईंना काही सांगितलं नाही.

४

पुढचे आठ-दहा महिने असेच गेले. रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी. रॉकेलच्या रांगेत दोन डब्यांच्या मध्ये एका डब्याची जागा. दवाखान्याच्या बाकावर गर्दी असूनही मध्ये कोणी न बसलेली हातभर फळी. आणि दर वेळी आजूबाजूची माणसं अंग चोरून बसलेली. त्यांना विचारलं तर काही कळायचं नाही. दौलतरावांनी डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूही नाही. शुगर तपासली, तीही बरी निघाली. आता बोला!

जानेवारीत अंबरनाथला रखमाबाईंच्या भाच्याचं लग्न होतं. दुपारची पंगत बसली. दौलतराव जेवून उठलेले, हात धुऊन वाढणाऱ्यांना ‘इकडे भात, इकडे वरण’ करत होते. समोरच्या रांगेत चौथ्या आणि पाचव्या पाहुण्याच्या मध्ये पत्रावळ मांडलेली होती आणि मागे कोणी नव्हतं.

मीठ वाढणारी मुलगी आली. तिने त्या पत्रावळीवर मीठ ठेवलं. मग लिंबू, भाजी, भात, वरण, तूप. “घ्या ना अजून,” वरणवाला त्या जागेला म्हणाला, आणि क्षणभर थांबून पुढे गेला.

“अरे, कोणाला वाढतोस?” दौलतराव त्याच्याजवळ जाऊन म्हणाले.

“पाहुण्यांना,” तो म्हणाला. “काय झालं, मामा?”

दौलतराव तिथून हलले नाहीत. पंगतीत हसणं-खिदळणं चाललं होतं, आग्रह चालला होता. नवरदेवाचा बाप येऊन हात जोडून गेला, त्या जागेलाही. सगळे उठले. जेवण झालं की आपली माणसं पत्रावळ दुमडून ठेवतात, तशा एकजात सगळ्या दुमडलेल्या होत्या. तीही होती, नीट, आपल्या बाजूला दुमडलेली.

दौलतरावांनी चपलेच्या टोकाने ती उघडली. भात तसाच होता. त्याच्या मधोमध चार बोटं खोल रुतून गेल्याची भोकं होती.

त्यांनी ती चपलेनेच पुन्हा दुमडून टाकली. 

५

फेब्रुवारीत कोर्टाचं समन्स आलं. कल्याणच्या कोर्टात मुकेशच्या खटल्यात दौलतरावांची साक्ष होती. समन्स आलं त्याच आठवड्यात रांगेत एक बाई उभी राहिली, हातात एकही कागद नाही. मुकेशची बायको, भावना. कॅम्प चारमध्ये ती शिवणकाम करायची. वस्तीतल्या लोकांनी दारावर दगड मारल्यापासून आईकडे राहत होती.

“मी भांडायला नाय आले, साहेब,” ती म्हणाली. “भेटायला जाते तेव्हा ते एकच बोलतात. साहेबांना विचार, मला हात लागला काय. तुम्ही फक्त हो की नाय तेवढं सांगा. लागला असेल तर मी परत येणार नाय.”

जिन्यातली माणसं कान टवकारून होती. “कोर्टात विचार,” दौलतराव म्हणाले. तिने त्यांच्याकडे बघितलं, नमस्कार केला आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी ते गंगूला शोधत गेले. ती मॅडमच्याच इमारतीचा जिना पुसत होती. दुसऱ्या मजल्यावर मॅडमच्या बंद दारापाशी मात्र फडकं पोचलं नव्हतं.

“गंगू, त्या दिवशी तू हात कुणाला लावलास?”

तिने बादली खाली ठेवली. फडकं पिळलं. मग म्हणाली, “तुमाला ठाव हाय, दादा. तुमी बगत व्हता की.”

“तिथे कोणी नव्हतं.”

“मला बी दिसला नाय कोन. पन पाय हलंना माजा. हात लावला तर खांदा लागला. शर्ट वला व्हता, घामानं. त्या दिवशी जिन्यात घासून गेला तवा बी तसाच वला लागला व्हता.” तिने पदराने तळवा पुसला. “त्याचा चेरा मी बगितलाच न्हवता. पोलिसांनी इचारलं, ओळकशील का? म्हनलं, ओळकीन. मॅडमनी मला सही शिकीवली वो. मी नाय कसं म्हनू?”

“मग मी बोट दाखवलं तेव्हा का नाही बोललीस?”

“तुमी येवडे शिकलेले. म्हनलं, दादांना दिसत आसंल नीट.”

 आयुष्यात कोणी दौलतरावांना इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि ती तर साध्या सुरात बोलत होती.

६

“तुमच्यावरच आहे सगळं,” जितेश म्हणाला. साक्षीच्या आदल्या दिवशी तो पेढे घेऊनच आला होता. “आम्ही दोन टेम्पो भरून येतोय. मोठा बॅनर केलाय. जजलासुद्धा कळलं पाहिजे, जनता काय मागते.”

“जितेश, आणि तो नसेल तर?”

जितेश हसला, मग त्याच्या लक्षात आलं की साहेब हसत नाहीत. “मॅडमनी मला तीन वर्षं फुकट शिकवलं, साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला. “कोणीतरी पाहिजेच ना.”

तो गेल्यावर दौलतरावांनी रखमाबाईंना सगळं सांगितलं. परेड, जिना, पंगत, गंगू. अकरा महिन्यांचं साठलेलं ते चहा निवेपर्यंत बोलत होते. त्यांना वाटलं, ही म्हणणार, डोकं फिरलंय तुमचं.

रखमाबाई म्हणाल्या, “आपण टीव्ही बघायला बसतो ना, तेव्हा मी हल्ली सोफ्याच्या कडेला का बसते, ते तुम्ही कधी विचारलं नाही.”

खोलीत सोफा होता. दौलतरावांनी तिकडे बघितलं नाही.

“मी शिक्का परत करीन,” ते म्हणाले. “उद्या खरं सांगितलं तर लोक तोंडावर थुंकतील. खोटा कागद केला म्हणून माझ्यावरच केस होईल, कुणी सांगावं.”

“होऊ दे. त्या पोरीचा नवरा फासावर जाईल, आणि आपण काय रोज ह्याच्या शेजारी बसून जेवायचं?” रखमाबाई उठल्या आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा तसाच कचऱ्यात टाकला.

७

कोर्टाची खोली गच्च भरली होती. मुकेश पिंजऱ्यात उभा होता, हाडांचा सापळा झालेला. सरकारी वकिलांनी परेडचा कागद दाखवला. सही तुमचीच? माझीच. मजकूर बरोबर आहे?

“नाही,” दौलतराव म्हणाले.

मुकेशला कोर्टानेच दिलेली वकील श्रद्धा नावाची तरुण मुलगी होती. ती कागद चाळत होती, तिने मान वर केली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. दौलतरावांनी सगळं सांगितलं, थांबत, पाणी पीत. बाईने हात मोकळ्या जागेत ठेवला. बोट मी दाखवलं. आरोपीने हरकत घेतली, ती मी लिहिली नाही. भात, जिना, सोफा यातलं ते काही बोलले नाहीत. कोर्टाला लागत होतं तेवढं त्यांनी दिलं.

“असं का केलंत तुम्ही?” न्यायाधीशांनी विचारलं.

“मला तो गुन्हेगार असायला हवा होता, साहेब.”

मग गंगूला बोलावलं. ती म्हणाली, दादा खरं बोलत्यात. कोर्ट उठलं तेव्हा श्रद्धा भावनाला बाकावर बसवून सांगत होती, “दुसरा पुरावाच नाही त्यांच्याकडे. केस उभी राहणार नाही आता. रडू नका, सुटतील ते.” आणि स्वतःच डोळे पुसत होती.

बातमी त्यांच्या आधी फाटकाबाहेर पोचली होती. दौलतराव गंगूला घेऊन पायऱ्या उतरले तसा गलका उठला. गद्दार! शेलार हाय हाय! एक चप्पल त्यांच्या कानाला लागून गेली. फेकणारा त्यांच्याच जिन्यात रांगेला उभा राहणारा होता. सहा-सात जणांनी ओळीत धरलेला लांबलचक कापडी बॅनर पुढे आला: ‘सरस्वती मॅडमच्या खुन्याला फाशी द्या’. जितेश एका टोकाला होता. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं.

“का, साहेब?” तो ओरडला. “मॅडमनी काय वाकडं केलं होतं तुमचं?”

दौलतराव उत्तर देणार होते. पण गंगूने त्यांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. ती बॅनरकडे बघत होती. दौलतरावांनीही बघितलं, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने मोजलं.

“जितेश,” ते म्हणाले. ओरडले नाहीत. “मधे बॅनर कोणी धरलाय बघ.”

जितेशने मान वळवली. मग त्याच्या शेजारच्याने. डावीकडून चौथा आणि पाचवा माणूस यांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. दोन माणसांत अंतर पडलं की कापड मध्ये झोल खातं. इथे ते ताठ वर होतं, शेजारच्यांपेक्षा चार बोटं वरच. वरच्या काठाला दोन ठिकाणी चुण्या पडल्या होत्या, मुठीत आवळल्यासारख्या. कापड तिथे ओलं झालं होतं, आणि ओल पसरत होती.

मागचे अजून ओरडत होते. मग तेही गप्प होत गेले. चौथ्याने हात सोडले. पाचव्याने सोडले. मग सगळ्यांनीच. जितेशच्या हातून टोक सुटलं ते सगळ्यात शेवटी. बॅनरच्या दोन्ही बाजू खाली मातीत पडल्या. मधला भाग वरच राहिला.

कोणी पळालं नाही. माणसं एकेक पाऊल मागे सरत गेली आणि ती जागा मोठी होत गेली.

तेवढ्यात पोलीस मुकेशला व्हॅनकडे घेऊन निघाले होते. एवढी शांतता कशाची म्हणून तो थांबला, त्याने गर्दीकडे बघितलं, मग बॅनरकडे. हवालदाराने त्याला ढकललं नाही, तोही तिकडेच बघत होता.

“मला हात लागलाच नाय, एवढंच तर सांगत होतो मी,” मुकेश म्हणाला, आणि बेड्या घातलेले हात सांभाळत व्हॅनमध्ये चढला.